बडनेऱ्याहून बंदरांच्या गावी

रविवारच्या पुरवणीत हल्ली पान भरून जाहिराती असतात. पांढरंशुभ्र, दहा मजली जहाज, निळं पाणी आणि खाली नावं : बार्सिलोना, नेपल्स, अथेन्स, इस्तंबूल. भूमध्य समुद्रातली सफर! रात्री जहाजात झोपायचं आणि सकाळी डोळे उघडले की नवं बंदर. आकडा अर्थातच लाखांत, तोही माणशी. आपण तो वाचतो, पान उलटतो आणि त्याच कागदावर कोथिंबीर निवडायला बसतो.

पण मैत्रिणींनो, ज्या बंदरांतून दोन हजार वर्षांपूर्वी त्याच भूमध्य समुद्राकडे माल जात होता, ती बंदरं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही आणि जेवणात भात-आमटी मिळते. गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या आम्ही सातजणी आणि माझ्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई अशा आठ बायका ही बंदरं पाहून आलो. दोन वर्षं दरमहा पाचशे रुपयांची भिशी लावली होती, त्या पैशांत सगळं बसलं. "नुसत्या बायका? आणि पाण्यात?" असं विचारणारे होतेच. बाईनं माहेरी जावं, लग्नाला जावं, देवाला जावं. नुसतं पाहायला म्हणून जायचं हे काही पुरुषमाणसांना पटकन पचत नाही. मी मात्र शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. सात वर्षं फळ्यावर जंजिरा काढला आणि दरवर्षी कुणीतरी पोरगं विचारतंच, "मॅडम, तुम्ही पाहिला?" एकदा तरी "हो" म्हणायचं होतं.

आपला आणि समुद्राचा संबंध काय?

वऱ्हाडाला समुद्र नाही, हे खरं. पण वऱ्हाडाच्या कापसाला समुद्र चांगला ठाऊक होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. तेव्हा सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या जमिनीकडे वळल्या. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि आपल्या बडनेऱ्यावरून कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरात जाऊ लागल्या. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. मग आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. तांबड्या समुद्रातून थेट भूमध्य समुद्रात आणि तिथून पुढे विलायतेला! लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला 'उमरा' म्हणत. उमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस ती बंदरं बघून आला, आपणच राहिलो.

याच्याही फार आधीची गोष्ट सांगते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची एक वहीच लिहून ठेवली आहे. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात आपलं कल्याण आहे, चौल आहे. पैठण आणि तेर इथून बैलगाड्यांनी माल भडोच बंदराला जाई, तेही आहे. तिकडून यायची दारू, तांबं, पोवळं, काच. इकडून जायचं कापड, हस्तिदंत, अकीक. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंती बाईची भारतीय मूर्ती सापडली. अंगभर दागिने ल्यालेली ही मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या. उलट ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची छोटी काशाची मूर्ती निघाली ती आपल्या कोल्हापुरात! म्हणजे ही देवाणघेवाण जुनी आहे. ज्यांना लाखांची सफर परवडते त्यांनी नेपल्सला आपली बाई जरूर पाहावी. बाकीच्यांनी माझ्याबरोबर चौलला यावं.

पहिली पायरी : मांडवा आणि अलिबाग

बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी मुंबई. गेटवेवरून मांडव्याला लाँच सुटतात. तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, ते आधी विचारून घ्यावं. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मोठी रो-रो बोटही सुरू झाली आहे. तिच्यात मोटारीसुद्धा चढतात आणि तासाभरात पलीकडे.

एके काळी याच किनाऱ्यानं मुंबईहून गोव्यापर्यंत आगबोटी जात. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लं अशी बंदरं घेत जायच्या. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, बोचकी, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या लहान होड्यांतून तिच्यापर्यंत न्याव्या लागत. पावसाळ्यात सगळंच बंद. चाकरमान्यांच्या बायकांनी मुलं पोटाशी धरून हा प्रवास वर्षानुवर्षं केला. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग मराठीत आला तो त्यातूनच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजही त्या बाजूच्या म्हाताऱ्या माणसांसमोर 'रामदास' म्हटलं की ती गप्प होतात. पुढे रस्ते झाले, एस.टी. गावोगाव पोचली, आगबोटी बंद पडल्या आणि १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. म्हणून आता ही सफर एका जहाजातून होत नाही. थोडी लाँचनं, थोडी गाडीनं, थोडी फेरीबोटीनं अशी जोडून करावी लागते. आम्ही अलिबागला तेरा जणांची गाडी ठरवली आणि मालवणपर्यंत तीच ठेवली.

अलिबागला कुलाबा किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला पायी जाता येतं. गावात सरखेल कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. १७२९ साली ते गेले. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी अशा सगळ्यांना पुरून उरलेला हा माणूस!

अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्रायली लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका वाचल्या. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आडनावंही गावांवरून, आपल्यासारखीच 'कर' लावलेली. अलिबागला आणि रेवदंड्याला त्यांची प्रार्थनामंदिरं उभी आहेत. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. तिथल्या अश्दोद या भूमध्य समुद्रावरच्या बंदरात आजही मराठी समजणारी घरं आहेत. शुभकार्याला त्यांच्यात 'मलिदा' करतात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. आपल्या दडपे पोह्यांची गोड बहीणच म्हणा ना!

चौल, रेवदंडा आणि कोर्लई

चौलला पोचल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "बंदर कुठंय?" खरंच, दिसतात त्या नारळी-पोफळीच्या वाड्या, तळी आणि देवळं. खाडी गाळानं भरत गेली, मोठी जहाजं आत येईनात, शेजारी मुंबई वाढली आणि दोन हजार वर्षांचं बंदर वाडीत विरून गेलं. रामेश्वराचं देऊळ आणि टेकडीवरचं दत्ताचं देऊळ पाहण्यासारखं आहे.

शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांची तटबंदी गावाभोवती आहे, आत नारळाच्या बागा. सातखणी मनोरा अजून उभा आहे. १५०८ साली इथल्याच पाण्यात इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा मारला गेला. त्याच्याही आधी, १४६९ च्या सुमारास, अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. विकायला एक घोडा आणला होता! तो घेऊन जुन्नरला गेला तर तिथल्या खानानं घोडाच काढून घेतला. पुढे घोडा परत मिळाला आणि आपल्याला त्याचं प्रवासवर्णन मिळालं. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे.

कुंडलिकेच्या पुलावरून पलीकडे गेलं की कोर्लई. १७४० मध्ये मराठ्यांनी हा मुलूख घेतला, पोर्तुगीज गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा राहिली. मराठीच्या संगतीत वाढलेली ही पोर्तुगीज, हिला तिथले लोक 'नो लिंग' म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. एका ओट्यावर मासे निवडत बसलेल्या बाईला मी विचारलं, "मुलं बोलतात का?" ती म्हणाली, "घरात आम्ही बोलतो ना, मग कशी नाही बोलणार?" राजे गेले, तोफा गंजल्या, भाषा चुलीपाशी टिकली. वऱ्हाडी बोललं की "शुद्ध बोल" म्हणून पोरांना दटावणाऱ्या आम्ही सगळ्याजणी थोडा वेळ गप्पच होतो.

जंजिऱ्याचं गोड पाणी

मुरुडजवळ राजपुरीहून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. 'जझीरा' म्हणजे अरबीत बेट. भूमध्य समुद्राच्या काठच्या अल्जीरिया देशाचं नावही याच शब्दावरून आलं आहे. हे मुलांना सांगा, भूगोल कायमचा लक्षात राहील. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी केले, पण सिद्द्यांचा हा किल्ला पडला नाही. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झालं.

आमच्या सासूबाईंचं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. नावात दर्या, पण सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहीर खोदावी तर खारं पाणी लागतं. लहानपणी गोड पाण्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन त्यांनी कोस कोस तुडवलेले. राजपुरीच्या धक्क्यावर त्या म्हणाल्या, "या वयात कायले पान्यात नेता वं मले? मी इथंच बसतो." मग होडीत बसल्या, पण हात माझ्या दंडातून सुटेना. चहूकडे पाहून म्हणाल्या, "एवढं पानी अन् प्याले थेंब नाही. आमच्या गावावानीच झालं हे."

दरवाजापाशी होडी पायऱ्यांना नीट लागत नाही. लाट वर उचलते त्या क्षणी पाय टाकायचा. दोन नाखव्यांनी त्यांना "चला आजी" म्हणत अलगद उतरवलं. कलाल बांगडी तोफेपाशी सगळे फोटो काढत होते. यांना त्यात काही रस नव्हता. आत मोठा तलाव आहे, चारी बाजूंनी बांधलेला, आणि पाणी गोड! वाटाड्यानं तसं सांगितल्यावर सासूबाई काठावर बसूनच राहिल्या. "खाऱ्या पान्यात गोडं पानी काढलं ह्यायनं. अन् आमच्या गावात कोनाले नाही जमलं." किल्ला का पडला नाही याची कारणं मी वर्गात आजवर पाच सांगत आले, तट, तोफा, आरमार वगैरे. आता पाणी पहिलं सांगते.

फेरीबोटींची गंमत : दाभोळ ते रत्नागिरी

आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड अशा चार फेरीबोटी वाटेत लागतात. गाडीसकट बोटीत चढायचं आणि खाडी ओलांडायची. वळसा वाचतो आणि सफरीची हौसही भागते. वाटेत हर्णैला सुवर्णदुर्ग दिसतो.

दाभोळ हे बहामनी काळातलं नामांकित बंदर. चौलला ज्याचा मुलगा मारला गेला त्या अल्मेदानं १५०८ च्या डिसेंबरात सूड म्हणून हे शहर जाळलं. मुलगा गेला एकीकडे, जळली भलतीचीच घरं. नंतर सतराव्या शतकात बांधलेली देखणी मशीद पाण्याच्या काठावर आहे, ती जरूर पाहावी.

रत्नागिरीला थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इथे आणून ठेवलं. राजवाडा झाला तो १९१० च्या सुमारास आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. गच्चीसमोर खाडी आणि समुद्र. रोज बोटी जाताना दिसत असतील, पण त्याला एकीतही बसायची परवानगी नव्हती. आपण आठ दिवसांसाठी का होईना, घराबाहेर पडू शकलो याचं मोल तिथे कळतं.

विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लं

विजयदुर्गाला 'पूर्वेकडचं जिब्राल्टर' म्हणत. जिब्राल्टर म्हणजे भूमध्य समुद्राच्या तोंडावरचा इंग्रजांचा अजिंक्य किल्ला. आंग्र्यांचा विजयदुर्ग १७५६ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. मुलांना हे सांगताना जीभ अडखळते, पण सांगायला हवं.

मालवणचा सिंधुदुर्ग मात्र पाहून ऊर भरून येतो. १६६४ मध्ये पायाभरणी, १६६७ मध्ये पूर्ण. कुरटे बेटावर तीन किलोमीटरहून लांब तट, पायात ओतलेलं शिसं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे आणि महाराजांच्या हाता-पायाचे ठसे जपलेले आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. हे ऐकून सासूबाई आपणहून होडीत सर्वांत आधी चढल्या! किल्ल्यात काही कुटुंबं आजही राहतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकातली डचांची वखार आहे. आता पडझड झाली आहे, भिंतींतून झाडं उगवली आहेत. जिथे हॉलंडच्या व्यापाऱ्यांचे हिशेब चालत तिथे शेळ्या चरत होत्या. तिथून कुडाळला कोकण रेल्वे धरली आणि मुंबईमार्गे घरी.

निघण्यापूर्वी

काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात.

भरती-ओहोटी : कोळ्यांचा सोपा हिशेब आहे. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, येईल ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. कुलाबा किल्ल्याला पायी जायचं तर असा दिवस धरावा. दिनदर्शिका आपल्या स्वयंपाकघरात टांगलेली असतेच. तरी पाण्यात पाय घालण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावं.

बोट लागू नये म्हणून : रिकाम्या पोटी चढू नये, तसं भरपेटही नको. आल्याच्या वड्या, आवळासुपारी, लिंबू जवळ ठेवावं. नजर दूर क्षितिजावर ठेवावी.

कपडे : साडी नेसणारीनं सुती, थोडी उंच नेसावी. सॅंडल पट्ट्याचे. चपला लाटेबरोबर जातात, आमच्यातल्या एकीची गेली.

खाणं : पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी न्यावी. पुढे कोकणातल्या घरगुती खानावळीत घावन, उकडीचे मोदक, सोलकढी मिळते. भाकरी तांदळाची असते. ज्वारीच्या भाकरीवाचून ज्यांचं अडतं त्यांनी मनाची तयारी करावी.

पैसे : होडीवाले, वाटाडे, चहा यांसाठी सुट्टे ठेवावे. हिशेब एकीकडेच द्यावा आणि रोज रात्री सगळ्यांना वाचून दाखवावा, म्हणजे मैत्री टिकते.

आणि शेवटची सूचना. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुम्हाला झेपणार नाही" असं आधीच सांगून टाकू नका. विचारा, थोडा आग्रह करा. ज्यांनी जन्मभर पाणी वाहिलं त्यांना पाणी पाहायचा हक्क आपल्या आधी आहे. आमची पुढची भिशी सुरू झाली आहे. या वेळी तेर, पैठण आणि भोकरदन, जिथून माल बंदराकडे निघत होता त्या गावांसाठी. सासूबाईंनी पहिले पाचशे रुपये सगळ्यांत आधी आणून दिले.